उतरताना घ्या

माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही, त्यामुळे ही वही कधी कुणाच्या हाती पडली तर त्यानं आधीच माफ करावं. वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी, हे चौथीच्या बाई शिकवत होत्या तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसायचे. नीट ऐकू येत नाही, एवढं सांगायचंही मला धाडस झालं नाही. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती. एसटीनं जावं लागायचं, म्हणून माझं शिक्षण तिथंच थांबलं. शुद्धलेखनाच्या चुका असतीलच. त्या खोडत बसले तर लिहायचंच राहून जाईल.

लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. सकाळच्या चपात्या मेसला पोचवल्या की दुपारपर्यंत घरात मी एकटीच असते. त्या वेळात थोडं थोडं लिहिते. कुणाला दाखवायचं नाही. पण मास्तर आता इथून गेले आणि गल्लीत जो तो त्यांच्या गोष्टी आपल्या पद्धतीनं सांगतो. माझ्याजवळही एक गोष्ट आहे. तोंडानं सांगायला गेले की ती अर्ध्यात अडकते.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. आमच्या भागात एसटीच्या कंडक्टरलाही मास्तर म्हणतात. त्यांची सगळी नोकरी इंदापूर-बारामती गाडीवर गेली. रिटायर झाल्यावर बारामतीत कॅनॉलच्या अलीकडे त्यांनी तीन खोल्या बांधल्या. दोन खोल्यांत ते आणि मावशी, म्हणजे त्यांची बायको, राहायचे. तिसरी खोली आम्ही भाड्यानं घेतली.

खोली बघायला आम्ही दोघंच गेलो होतो, मी आणि आमचे हे. मास्तर दारात उभे. उंच, सडपातळ, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला. पैशांची चामडी बॅग सगळं आयुष्य त्या खांद्यावर होती ना. आम्हाला बघून म्हणाले, "चला, पुढं सरका, पुढं सरका. आत जागा हाय."

आम्ही पुढं सरकलो. खोली एवढीशी, दोन पावलांत समोरची भिंतच आली.

"अजून सरका."

"कुठं सरकू? पलीकडं तुमचंच घर आहे," हे म्हणाले.

आतून मावशींचा आवाज आला. "अवो, खोली दाखवा त्यांना. गाडी न्हाय ती!"

मास्तर जरासे ओशाळले. मग त्यांनी अटी सांगितल्या. डिपॉझिट नाही. भाडं एक तारखेला. आणि भाडं सुट्टं आणायचं, एक रुपया कमी नको आणि एक रुपया जास्त नको. कमी नको हे आम्हाला कळलं. जास्त का नको, ते कळायला बरीच वर्षं गेली.

पहिल्याच महिन्यात आमच्याकडे सुट्टे नव्हते. ह्यांनी दहा रुपये जास्त दिले आणि "राहू द्या मास्तर, पुढच्या महिन्यात वळते करा" म्हणून एमआयडीसीत कामाला निघून गेले. मास्तर ती नोट हातात धरून उभे राहिले, जणू कुणी त्यांच्या हातात विंचू दिलाय. मग सायकल काढली. ह्यांना कॅनॉलच्या पुलावर गाठलं, वाट अडवली आणि दहा रुपये हातात दिले. त्या गडबडीत ह्यांची कंपनीची बस चुकली.

संध्याकाळी हे तणतणत आले. "मास्तर, तुमच्या दहा रुपयांपायी माझा अर्धा दिवस भरला नाही."

"तुमचा अर्धा दिवस गेला," मास्तर शांतपणे म्हणाले. "माझी सगळी रात गेली असती."

त्यांच्या डोक्यातून गाडी कधी गेलीच नाही. गल्लीच्या नळावर पाणी आलं की आम्हा बायकांची झुंबड उडायची. मास्तर लांबूनच ओरडायचे, "आधी उतरनाऱ्यांना उतरू द्या! मग चढा!" म्हणजे भरलेली घागर घेऊन निघालेलीला आधी वाट द्यायची. सुरुवातीला सगळ्या हसल्या. पण त्या दिवसापासून नळावर कुणाची घागर लवंडली नाही. पुढं तर सुलाबाईच, जिचा आवाज पार मेन रोडला ऐकू जातो, नव्या आलेल्या बाईला दरडावू लागली, "ए, आधी उतरनाऱ्यांना उतरू दे की!"

गल्लीच्या टोकाला लिंबाखाली गणपतीचं छोटं देऊळ आहे. तिथली रोजची संध्याकाळची आरती मास्तरांनी जणू ड्युटीच करून टाकली होती. पुजाऱ्याला ते ड्रायव्हर म्हणायचे. पुजारी एका ऑफिसात शिपाई आहे, त्याला कधी यायला उशीर झाला की लोक म्हणायचे, आरती सुरू करूया. मास्तर म्हणायचे, "ड्रायव्हरबिगर गाडी सोडत न्हाईत." पायरीवर कुणी रेंगाळलं की, "फुटबोर्डवर उभं राहू नका, आत या." कुणी जोड्यासकट आत आलं तर, "लगेज भाईर." आणि सगळे बसले की ते त्यांचं तिकिटाला भोक पाडायचं जुनं पंच काढून दाराजवळच्या लोखंडी पाइपावर दोनदा वाजवायचे. टक टक. डबल बेल. की आरती सुरू. मधेच पोरं बोलायला लागली तर एकदाच टक. की आरती बंद, जिथल्या तिथं. पोरं गप्प झाली की पुन्हा टक टक.

नवीन माणसाला दोन गोष्टींचं नवल वाटायचं. एक म्हणजे देवळात चांगली मोठी पितळी घंटा टांगलेली होती. तिच्यावर मास्तरांचंच नाव कोरलेलं होतं, 'यांजकडून अर्पण' असं. पण मास्तर स्वतः त्या घंटेला कधी हात लावायचे नाहीत, पाइपच वाजवायचे. दुसरं म्हणजे ते सगळ्यांना प्रसाद वाटायचे आणि स्वतः घ्यायचे नाहीत. कायम दाराशी, शेवटी बसायचे. गाभाऱ्यासमोर मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मी एकदा मावशींना विचारलं. म्हणजे विचारायचं म्हणून कितीतरी दिवस गेले, मग विचारलं.

मावशी म्हणाल्या, "त्यास्नी इचार. मी इचारलं तर म्हनतात, हिशेब भरल्याबिगर ड्युटी सुटत न्हाय. कसला हिशेब? रिटायर हून इतकी वर्सं झाली. मला तर वाटतं, ह्यांच्या डोस्क्यातच डेपो हाय."

मला मात्र मास्तरांनी कधी दरडावलं नाही. मी देवळात बायकांच्या मागं, भिंतीला टेकून बसायचे. आरतीत माझे नुसते ओठ हलायचे. घरी मात्र चपात्या लाटताना मी मोकळेपणानं म्हणायचे, लाटण्याच्या ठेक्यावर, कारण तिथं कुणी नसायचं. एक दिवस मास्तर दारातून म्हणाले, "ताई, भिंतीपलीकडं कुनीतरी लई ग्वाड म्हनतंय सकाळी. तुमाला ऐकू येतं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. कान गरम झाले.

"असंल कुनी," ते म्हणाले. "भेटली तर सांगा तिला, देवळात जागा हाय. फुडची."

एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून पहिल्या रांगेत एक बसकर रिकामं राहायचं. सुलाबाई त्यावर बसायला गेली की मास्तर म्हणायचे, "रिझर्वेशन हाय."

"कुनाचं?"

"पॅसेंजर चढंल तवा कळंल."

आता मुख्य गोष्ट. गेल्या माघी गणपतीच्या आधी देवळात बैठक बसली. देवळाला पंचवीस वर्षं होत होती. तात्यांनी, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानवाल्यांनी, विषय काढला. देवळाचा कारभार तेच बघतात. म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी देवळाला वस्तू दिल्या, त्यांचा सत्कार करायचा. पहिला मान मास्तरांचा. एवढी घंटा दिली, तीबी नोकरीत असताना. शाल, नारळ, फेटा."

टक.

सगळे थांबले. मास्तर दाराशी उभे होते.

"ती घंटा माझी न्हाय," ते म्हणाले. "पॅसेंजरची हाय."

मग त्यांनी सांगितलं. बसून नव्हे, उभ्यानंच, गाडीत उभे राहायचे तसे पाय फाकवून.

गाडीत गर्दी असली आणि सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं राहिलेली रक्कम लिहितो आणि म्हणतो, उतरताना घ्या. बरेच जण घेतात. काही विसरतात. काही घाईत असतात. काही लाजतात. ड्युटी संपली की कॅश डेपोत भरायची. कमी भरली तर कंडक्टरच्या पगारातून जाते. जास्त निघाली तर तीही भरायची, पण मग साहेब विचारतो, जास्त आलीच कशी?

"जास्त निघाली की कंडक्टर चोर असतो," मास्तर म्हणाले. "शॉर्ट आली तर साधा मानूस. गडबडला असंल, चुकला असंल. पर जास्त म्हंजी कुनाचं तरी तुमच्याकडं हाय."

ते भरायचे नाहीत. उद्या कुणी मागायला आलं तर, म्हणून घरी डब्यात टाकायचे. मागायला क्वचितच कुणी आलं. डबा भरत गेला. दिवाळीच्या गर्दीत, लग्नसराईत आणखी भरला. मग त्या डब्याची त्यांना धास्ती वाटायला लागली. इकडे देऊळ बांधून होत होतं. त्यांनी डबा मोडला आणि घंटा घेतली.

"पाप नको म्हनून देवाला दिलं. हितवर ठीक व्हतं. पर कारागीर म्हनला, नाव कुनाचं घालू? अन् मी माझं सांगितलं." त्यांनी घंटेकडे बघितलं. "तवापासून ती वाजली की मला वाटतं, कुनीतरी गाडीच्या मागं पळतंय अन् मास्तर मास्तर म्हनून हाक मारतंय."

मग सुलाबाईनंच तोंड उघडलं. "एवढंच व्हय? मग तेवढे पैसे टाका की दानपेटीत, सुटला इषय."

"देवानं तिकीट काढलं व्हतं का?" मास्तर म्हणाले.

हसू फुटलं. तात्यासुद्धा हसले. पण मास्तर हसत नव्हते. घंटेच्या किमतीएवढे पैसे त्यांनी पेन्शनीतून बाजूला काढले होते आणि जुन्या चामडी बॅगेत ठेवले होते. ते म्हणाले, "हे पॅसेंजरचं. ज्याचं त्याला पोचवनार. बॅग रिकामी झाली की मी देवाम्होरं जाईन. तवर माझी जागा हीच, दाराजवळ."

त्या रात्री माझं जेवणात लक्ष नव्हतं. कारण मला एक गाडी आठवत होती.

लग्नाआधीची गोष्ट. आईला बारामतीला दवाखान्यात ठेवलं होतं. वडील तिच्याजवळ होते, आणि गावाकडून मला एकटीला इंदापूरला येऊन बारामतीची गाडी धरायची होती. चुलत्यांनी पन्नासची नोट दिली. "उरलेल्या पैशाची आईला शहाळी घेऊन जा," म्हणाले. मी आधी कधी एकटी गाडीत बसले नव्हते. मान खाली घालून बसले. कंडक्टरचा चेहरा बघितलाच नाही. हात तेवढे दिसले, आणि बॅग. त्यानं तिकिटाच्या मागं तेवीस लिहिलं आणि म्हणाला, "उतरताना घ्या."

वाटेत एक गंमत झाली. मागच्या सीटवर एका बाबांच्या पिशवीत कोंबडा होता. कंडक्टर तिकिटाला पंच करायचा, टक टक, की कोंबडा आरवायचा. पुन्हा टक टक, पुन्हा कोंबडा. वालचंदनगरला कामगार उतरेपर्यंत हे चाललं होतं. सगळी गाडी हसत होती. मीही पदर तोंडावर घेऊन हसले. पोटात आईची काळजी होती, तरी हसले.

बारामतीच्या स्टँडवर गाडी लागली आणि सगळे एकदम दाराकडे निघाले. कंडक्टरच्या भोवती माणसंच माणसं. मला फक्त "माझे तेवीस राहिलेत" एवढंच म्हणायचं होतं. मनात चारदा म्हणून बघितलं. तोंडातून निघालं नाही. खाली उतरले, गाडीजवळ उभी राहिले, गाडी निघून गेली. दवाखान्यात रिकाम्या हातानं गेले. आईनं विचारलं, "शहाळं आनलं का गं?" मी म्हटलं, "पैसे पडले." आई म्हणाली, "पडू दे. तू आलीस न्हवं." ती बरी झाली, अजून खणखणीत आहे, गावाकडे शेळ्या सांभाळते. पण शहाळं दिसलं की मला ते वाक्य आठवतं.

तो कंडक्टर मास्तरच होते का? त्या मार्गावर दुसरेही कंडक्टर होते. मास्तर इतक्या गोष्टी सांगायचे, पण कोंबड्याची गोष्ट त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. आणि जाऊन विचारायचं तर काय म्हणून? ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तेवीस रुपयांसाठी? अगं, त्यांच्या खोलीत राहतो आपण. लोक म्हणतील, बघा, भाडेकरीण बॅगेत हात घालायला निघाली." तेही खरंच होतं. मी गप्प बसले. गप्प बसायला मला कधी कष्ट पडत नाहीत.

मास्तर मात्र कामाला लागले. बाजाराच्या दिवशी सकाळी बॅग खांद्याला लावून एसटी स्टँडवर जायचे, इंदापूरच्या गाड्या लागतात तिथं उभे राहायचे आणि जुन्या वयस्कर माणसांना विचारायचे, "इंदापूर गाडीत कधी सुट्टं राह्यलंय का तुमचं?" पोरं हसायची. आता कुणाला सुट्ट्याची सवय राहिली नाही, फोन दाखवला की तिकीट निघतं. एका पठ्ठ्यानं येऊन सांगितलं, "माझे पाचशे राहिलेत." मास्तरांनी विचारलं, "सीटं कंच्या रंगाची व्हती?" तो म्हणाला, "लाल." मास्तर म्हणाले, "गाडी लाल व्हती बाबा. सीटं हिरवी. पुढच्या वेळी आत बसून ये."

पण खरे लोकही आले. ऐकून ऐकून बातमी पार इंदापूरपर्यंत गेली. कुणाचे दोन रुपये, कुणाचे बारा. मास्तर प्रत्येकाला मोजून द्यायचे आणि घरी आल्यावर मावशींना असे सांगायचे, जसा कुणी लेकीचं लग्न जमल्याचं सांगतो.

भिगवणची मासेवाली आली तो दिवस तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. ती थेट घरीच आली. म्हणाली, "मास्तर, चार रुपये राह्यलेत माझे."

मास्तरांनी आनंदानं बॅग उघडली.

"थांबा," ती म्हणाली. "ते घ्यायला न्हाय आले. फिटले म्हनून सांगाय आले. माझी माशाची पाटी तुमी लई डाव फुकाट नेली. लगेज तिकीट कधी फाडलं न्हाय."

"ते मी माझ्या मनानं केलं. चार घे."

"न्हाय घेत. पाटीत फिटले."

"पाटी येगळी, चार येगळे!"

"अवो, किती भांडता?" मावशी आतून ओरडल्या. "मेलेली मासळीबी उठून बसंल!"

दोघं अंगणात इतकी भांडली की तात्या दुकान सोडून आले. शेवटी मावशींनी चार रुपये तिच्या पदराला बांधले आणि पाठीवर हात फिरवून तिला वाटेला लावलं. पण मास्तरांचा चेहरा उतरलेलाच. संध्याकाळी म्हणाले, "पाटीचं तिकीट फाडलं न्हाय, म्हंजी एसटीचंबी माझ्याकडं राह्यलं की." दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेले, खिशातल्या पैशांनी इंदापूरची चार तिकिटं काढली, गाडीत न बसता तिकिटं फाडली आणि चालत घरी आले. नवा कंडक्टर त्यांच्याकडे बघतच राहिला म्हणे.

मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता फकस्त त्या पाटीतल्या माशांची माफी मागायची राह्यली."

एकदा मी अंगणात भांडी घासत होते आणि मास्तर पायरीवर बसून बॅगेतली चिल्लर मोजत होते. मी धीर करून विचारलं, "मास्तर, इतकं कशाला? देवाला कळतंच की."

ते म्हणाले, "ताई, देवाला सगळंच कळतं, त्याची काळजी न्हाय. गाडी त्याची, रस्ताबी त्याचा. आपल्याला कामच केवढं दिलंय? कुनी मागं राहू नये अन् कुनाचं मागं राहू नये. तेवढंबी न्हाय जमलं तर त्याच्याम्होरं कुठल्या तोंडानं उभं राहू?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. कुणी नव्हतं. नुसतं एक वाक्य. मी तवा घासत राहिले.

पावसाळा गेला, तशी बॅग जवळजवळ रिकामी झाली. पण अगदी थोडं उरलं आणि तिथंच अडकलं. बाजाराच्या दिवशी मास्तर उभे राहायचे आणि तसेच परत यायचे. नवीन कुणी येईना. तेवढ्यात हडपसरहून त्यांच्या मुलानं फोन केला. आता तुम्ही दोघं इकडेच राहायला या, दिवाळीनंतर न्यायला येतो. मावशींचे गुडघे दुखत होते, त्यांनाही नातवंडांत जायचं होतं. मास्तर हो म्हणाले. पण रोज आरतीला पंच वाजवताना त्यांचा हात जरा हळू पडायला लागला. गल्लीत सगळ्यांना एकच कळत होतं. हे असेच दाराजवळून निघून जाणार.

जायच्या आदल्या संध्याकाळी सगळी गल्ली देवळात आली. तात्यांनी पुन्हा शाल आणली होती. मास्तर नेहमीच्या जागी, बॅग खांद्याला. आरतीआधी म्हणाले, "तात्या, बॅगंत थोडं राह्यलंय. तुमच्याकडं ठिवून जातो. कुनी मागाय आलं तर द्या."

"मास्तर, आता तरी टाका पेटीत. कुठवर धरून बसता?"

सुलाबाई म्हणाली, "न्हाय तर मला द्या. माझे राह्यलेत असं समजा."

सगळे हसले. मास्तरही हसले. "समजून चालत न्हाय बाई. राह्यलेलं असाय पायजे."

त्यांनी बॅगेचा पट्टा खांद्यावरून काढला. तो रिकामा खांदा बघितला आणि मला काय झालं ते सांगता येणार नाही. स्टँडवरची गाडी आठवली. ती सुटत होती आणि मी खाली उभी होते. मी भिंतीचा आधार सोडला आणि उभी राहिले.

"माझे राहिलेत."

कुणालाच ऐकू गेलं नाही. शेजारच्या बाईनं मला खाली ओढलं, तिला वाटलं मला चक्कर आली. मी तिचा हात सोडवला.

"मास्तर, माझे तेवीस राहिलेत!"

देवळात असं शांत झालं, जसं एकदाच टक वाजल्यावर होतं.

"अगं बाई," सुलाबाई म्हणाली, "ही बोलती?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, ही आपली कणव येऊन बोलतेय. आवाज जरा कडक करून म्हणाले, "ताई, गाडी कंची?"

"इंदापुरातनं सकाळची. वालचंदनगरावरून येणारी."

"नोट केवढ्याची?"

"पन्नासची."

"अशा लई गाड्या, लई नोटा. तिकीट हाय?"

"नाही." हे मागून माझ्याकडे बघत होते, मला कळत होतं. "तिकीट नाही. गाडीत एक कोंबडा होता. तुम्ही पंच वाजवलं की तो आरवायचा."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्या घशातून कसलासा आवाज आला, आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी दाराची चौकट धरली. "त्यो कोंबडा! आरं द्येवा! अर्धं तिकीट लावलं व्हतं मी त्याला! म्हनलं, एवढा वरडतोयस तर पैसे भर!" मग मावशींकडे वळून म्हणाले, "तुला कधी बोललो न्हाय मी. साहेबाच्या कानावर गेलं असतं तर कोंबड्याला तिकीट का लावलं म्हनून मलाच मेमो मिळाला असता!"

मास्तर चालत माझ्यापर्यंत आले. बायका बाजूला सरकल्या, कुणाला सांगावं लागलं नाही. त्यांनी बॅग माझ्या ओंजळीवर उलटी केली. नाणी पडली. त्यांनी एकेक बोटानं सरकवत मोजलं. पुन्हा मोजलं.

"वीसच हायत," ते म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, "वीसच! शॉर्ट आली! तात्या, शॉर्ट आली मला!"

तात्या खिशात हात घालून पुढं झाले. "तीनच ना? हे घ्या."

"हात मागं घ्या तात्या. शॉर्ट कंडक्टरच्या खिशातनं जाती." त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा हसत होता. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक दोनचं आणि एक रुपयाचं नाणं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "याज मागू नका, एसटी याज देत न्हाय. मोजून घ्या ताई. गाडी सुटल्यावर तक्रार चालनार न्हाय."

मी मोजले. मनात नाही, मोठ्यानं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे. एक नाणं खाली ठेवायचे, पुढचं उचलायचे. सगळी गल्ली माझ्याबरोबर मोजायला लागली, पोरंसुद्धा.

"तेवीस," मी म्हणाले. "बरोबर आहेत, मास्तर. फिटले."

मास्तरांनी मला पहिल्या रांगेतलं ते रिकामं बसकर दाखवलं. मी जाऊन बसले. मग रिकामी बॅग दारातच ठेवून ते सरळ गाभाऱ्यासमोर गेले, हात वर केला, आणि आपल्या नावाच्या त्या घंटेला दोन टोले दिले.